फट

बार्न्सलीच्या पुढे, डर्न नदीच्या अलीकडे
खाणकामगारांसाठी बांधलेल्या रांगेतलं चौदा नंबरचं घर.
दाराच्या चौकटीत मी लाल कापड ताणून बसवते,
कापडात पंखा,
आणि सांगते, मिसेस हेबलथ्वेट,
आता वीस मिनिटं दार उघडायचं नाही.
त्या म्हणतात, ह्या वयात मी पळून कुठं जाणार?

पंखा घरातली हवा बाहेर ओढतो.
पन्नास पास्कल.
चारी अंगांनी एकदम वारा सुटावा, तसा दाब.
मग घर बोलायला लागतं.

भिंतींना कान असतात, हे ऐकत मोठी झाले.
नाकंही असतात, हे ह्या नोकरीनं शिकवलं.
धुराची कांडी घेऊन मी खोल्याखोल्यांतून फिरते.
स्विचपाशी धूर दचकतो.
जिन्याखाली, गॅसची नळी आत येते तिथे,
उलटून माझ्याच चष्म्यावर येतो.
जमिनीच्या फळ्या, बुजवलेली शेगडी, माळ्याचं झाकण.
आकडा तेरा.
म्हणजे इतकी वर्षं ह्या बाई
अख्ख्या गल्लीला ऊब देत होत्या,
बिल स्वतः भरून.

"पूर्वी बिलच नव्हतं," त्या म्हणतात.
"नॉर्मन खाणीत. कोळसा फुकट.
ढीग दारात ओतून जायचे,
तो फावड्यानं आत लोटायचा.
फुकटच्या आगीला
दारं-खिडक्या कोण लावतं?"

ही पहिली खेप, मार्चमधली.
मग उन्हाळाभर डॅरिल आणि त्याचा पोरगा येत राहिले.
भिंतींना आतून लाकडाच्या तंतूंचे जाड फळे,
त्यांवर चुन्याचा गिलावा, सिमेंट नाही,
कारण जुन्या विटेला घाम येतो
आणि वारा नको असला तरी श्वास हवाच असतो.
छपराखाली मेंढीची लोकर.
मागच्या अंगणात हीट पंप,
ज्याला मिसेस हेबलथ्वेट 'उलटा फ्रीज' म्हणतात
आणि चहाचा कप त्याच्यावर ठेवतात.
घर फिरलं की वासेही फिरतात, अशी म्हण आहे.
मी एकेका वाशाच्या टोकाला फीत चिकटवून पाहिली.
फिरलेला एकही नव्हता.

ऑक्टोबरात पुन्हा पंखा.
तीन पूर्णांक शून्य दोन.
हवे होते तीन.

ते शून्य दोन शोधत मी मागच्या खोलीत गेले.
कपाटाच्या आड, खिडकीच्या कोपऱ्याशी
बोटभर भोक, गिलाव्यातून शिस्तीत सोडलेलं.
(डॅरिलनं त्यासाठी किती केक खाल्ला, मला माहीत नाही.)
"नॉर्मननं पाडलं ते. रेडिओच्या एरियलसाठी.
संपाचं वर्ष होतं, वेळच वेळ होता.
तार गेली.
पश्चिमेचा वारा असला की रात्री वाजतं."

मी बोट लावलं. पडद्यावर तीन.
बोट काढलं. तीन पूर्णांक शून्य दोन.
त्या दारात उभ्या, माझ्या बोटाकडे पाहत.

मग तासभर मी टपालपेटीच्या झडपेशी गुडघे टेकून बसले,
माळ्याच्या झाकणाचं रबर बदललं,
मीटरच्या खोक्याला मागून लेप लावला.
दोन पूर्णांक नव्याण्णव.
भोक तसंच.

जानेवारीत त्यांचा फोन.
घरात गरम आहे, बिल निम्म्याच्या खाली,
फक्त शांतता फार आहे, घड्याळ ऐकू येतं.
आणि हो, त्या भोकाला बूच मारलंय मी. वाइनचं.
"सगळंच गार होतं तेव्हा ती एक फट कळायची नाही.
आता मानेवर सुईसारखी लागते."
जरा थांबून,
"वारा तिकडचा असला की काढते.
पाच मिनिटं. मग परत ठोकते."

माझ्या अहवालात एकवीस रकाने आहेत.
त्या पाच मिनिटांचा कार्बन
मी कुठेच भरलेला नाही.